रोजचं किती लिटर?

पांढऱ्या टाईलवर आयोडिनचा एक थेंब टाकायचा, शेजारी गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याच्या रसाचा एक थेंब, आणि काचेच्या काडीने दोन्ही एकमेकांत ओढायचे. निळा-काळा डाग उमटला तर धान्यातलं पिष्ट अजून शिल्लक आहे. आयोडिनचा पिवळट तांबूस रंग तसाच राहिला तर पिष्टाची साखर झाली, पुढच्या कामाला लागायचं.

हीच चाचणी मी आठ वर्षं एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत केली. तिथं निळा डाग म्हणजे कुणीतरी दुधात पीठ कालवलं. कॅन परत, नोंद लाल शाईत, आणि कॅन घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आता मी पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवतात तिथं, सहायक म्हणून काम करते. इथं निळा डाग एवढंच सांगतो, की दहा मिनिटं थांब, अजून झालेलं नाही. तरी पहिल्या दिवशी तो रंग बघून पोटात जुनाच गोळा आला होता.

मला स्वतःची ब्रुअरी काढायची आहे. एका वेळी पाचशे लिटर शिजवणारी, मागे टाक्या आणि पुढे जेवणाची वीस-पंचवीस टेबलं. अजून जागा नाही, परवाना नाही, कर्ज मंजूर नाही. आहे ते दीड वर्षाचं हाताखालचं काम आणि तीन वह्या. पुण्यात 2009 साली डूलाली ही अशीच छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि गावाकडून येणाऱ्या पैशांत महिना काढत होते. बिअर ताजी असते, ती दुधासारखी नासते, तिला चव टिकवायला माणूस लागतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दूध सोडून इकडे कशी आलीस, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मी फार लांब आलेच नाही. दूध संघात लॅक्टोमीटर होता, इथं हायड्रोमीटर आहे. दोन्ही काचेच्या नळ्या, द्रवात तरंगणाऱ्या, दोन्ही घनताच सांगतात. गाईचं चांगलं दूध 1.028 च्या पुढे वाचायचं. इथं उकळून गार केलेला रस 1.048 वाचतो आणि दहा-बारा दिवसांनी, यीस्टने साखर खाल्ल्यावर, 1.010 वर येतो. मधला फरक 131.25 ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी येते, इथं जवळपास पाच. पीएच मीटर तर रोजच हातात असायचा. पण पीएचची मोजपट्टीच 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत सोरेनसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काढली, हे मला इथं आल्यावर कळलं. पाश्चरचंही तसंच. आम्ही त्याला दुधाचा माणूस समजायचो. प्रत्यक्षात दुधाला त्याचं नाव लागण्याआधी तो वाईन का बिघडते, बिअर का आंबते, याच्या मागे लागलेला होता, आणि 1876 साली त्याने बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला. आठ वर्षं मी ब्रुअरीतून आलेली विद्याच दुधावर वापरत होते.

एक गोष्ट मात्र साफ उलटी झाली. लॅक्टोबॅसिलस हा जीवाणू दूध संघात घरचा माणूस. दही त्याच्यावर, ताक त्याच्यावर. ब्रुअरीत तो चोर. टाकीत शिरला की पाचशे लिटर आंबट. म्हणून कामाला लागल्यापासून मी सकाळी घरात विरजण लावत नाही. ते काम रात्रीवर ढकललं आहे, आणि ब्रुअरीत पाय ठेवण्याआधी कपडे बदलते, कोपरापर्यंत हात धुते. आमचे ब्रुअर सर म्हणतात एवढं करायची गरज नाही. पण मला ते केल्याशिवाय बरं वाटत नाही.

यीस्टला मराठीत काय म्हणायचं याची चर्चा झाली की कुणी खमीर म्हणतं, कुणी किण्व. माझ्यासाठी ते विरजणच आहे. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला, तसं एका टाकीच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून पुढच्या टाकीला. आठ-दहा पिढ्या ते चालतं, मग थकतं, चव बदलायला लागते आणि नवं आणावं लागतं. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथं जाऊन मी पहिल्यांदा यीस्टच्या नोंदी बघितल्या, नावं आणि क्रमांक लावून ठेवलेल्या, गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरासारख्या. एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट ही कल्पनासुद्धा त्याच कार्ल्सबर्गची, 1883 ची, हान्सन नावाच्या माणसाची. त्याआधी सगळं जग आमच्या आजीसारखंच करत होतं. लागलं तर लागलं, नाहीतर शेजारणीकडून वाटीभर आणायचं.

पेशी मोजणं मला मनापासून आवडतं. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच, त्यावर मेथिलिन ब्लूने रंगवलेला थेंब. जिवंत पेशी रंग आत टिकू देत नाही, ती पांढरी दिसते. मेलेली निळी. दुधात हाच रंग टाकून तो किती वेळात उडतो ते बघायचो, लवकर उडाला तर जंतू फार. पाचशे लिटरला साधारण साडेचार लाख कोटी जिवंत पेशी लागतात. असला आकडा मी आधी फक्त अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकला होता. कमी पडल्या तर यीस्टवर ताण येतो आणि बिअरला नको ते वास लागतात.

शिक्षण कुठं घ्यायचं हा पहिला प्रश्न होता. पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, बर्लिनला, म्युनिकजवळ वायनश्टेफानला जाणारी मुलं आहेत. मला दोन वर्षं पगार सोडणं शक्य नव्हतं. म्हणून हाताखाली राहून शिकायचं ठरवलं. यात एक अडचण परदेशातल्या लोकांना कळत नाही. तिकडे माणूस घरच्या स्वयंपाकघरात वीस लिटर बिअर करतो, बिघडवतो, पुन्हा करतो आणि पाच वर्षांनी दुकान टाकतो. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे. म्हणजे चुका करायच्या त्या दुसऱ्याच्या टाकीतच.

घरी मी काय करू शकत होते? यीस्ट सोडून बाकी सगळं. आणि तिथं मला नाचणी सापडली.

सापडली म्हणजे ती घरात होतीच. धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा आईने नाचणीचं सत्त्व करून पाठवलं होतं. नाचणी निवडून रात्रभर भिजत घालायची, पाणी काढून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, मंद आचेवर परतायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. ब्रुअर सरांनी मला माल्ट म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी अर्ध्यावरच म्हटलं, हे तर सत्त्व. बार्लीला थंड पाण्यात अधूनमधून वारा देत दोन दिवस भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात, दर काही तासांनी खालीवर करतात म्हणजे मुळं एकमेकांत गुंतत नाहीत, आणि मग गरम हवेवर वाळवतात. आचेवरच पुढचा रंग ठरतो. हलकी ठेवली तर सोनेरी बिअर, खरपूस भाजली तर कॉफीसारखी काळी.

मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, पिष्ट तोडून साखर करणारी. बाळाला मोडाच्या नाचणीची पेज देतात त्याच्यामागेही हेच आहे. साध्या पिठाची पेज घट्ट होते, बाळाला गिळत नाही, पाणी वाढवावं लागतं आणि पोटात अन्न कमी जातं. मोडाच्या पिठाची पेज तेवढंच पीठ असून पातळ राहते. हे ज्या बाईने पहिल्यांदा ओळखलं तिचं नाव कुठल्याच वहीत नाही.

मी आईला फोन करून विचारलं, मोड कधी थांबवायचे हे तुला कसं कळतं?

“दाण्याएवढा कोंब झाला की बास. त्याच्या फुडं गेलं की सगळं सत्त्व कोंबच खातो.”

बार्लीचं पुस्तकात जवळपास हेच लिहिलं आहे. कोंब सालीखाली दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत आला की वाळवायला घ्या.

घरी गॅसवर मी शंभरेक वेळा तरी हे केलं असेल. अर्धा किलो माल्ट भरडायचं, पीठ करायचं नाही, कारण सालं शाबूत राहिली तरच त्यांच्या थरातून रस गाळून येतो. दीड लिटर पाणी. तापमान 63 अंश धरलं तर रस असा येतो की यीस्ट जवळपास सगळा खाऊन टाकेल आणि बिअर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, हलकी होईल. 70 धरलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त, बिअर जिभेवर भरीव लागेल. सात अंशांत दोन वेगळ्या वस्तू. मी 66 वर धरायला शिकले, आधी थर्मामीटर बघून आणि नंतर पातेल्याच्या काठावर बोट ठेवून. रस गोड, बिस्किटासारखा. तो मी दुधात घालून शेजारच्या मुलांना दिला. हॉर्लिक्सच्या मुळाशीही माल्टचा असाच रस असतो.

उकळणं मात्र घरी नीट शिकता आलं नाही, ते ब्रुअरीत शिकले. पहिला फेस येतो तेव्हा दोन मिनिटं नजर हटली तर पन्नास लिटर जमिनीवर. गुऱ्हाळावर काहिलीत रस चढतो तसा चढतो. आमच्या गावच्या गुळव्याला मी लहानपणी बघितलंय. भेंडीचं पाणी कधी टाकायचं, मळी कधी काढायची, जाळ कधी ओढायचा, हे तो कुणालाच सांगायचा नाही, पण लपवायचाही नाही. काहिलीजवळ उभं राहायला परवानगी होती. बघून घे, एवढंच. हॉप्स पडतात तो क्षण तसाच उभं राहून बघायचा आहे. ही एका वेलीची फुलं, आपल्याकडे हिमाचलात लाहौलला थोडी पिकतात, बाकी जर्मनी-अमेरिकेतून गोळ्यांच्या रूपात पाकीटबंद येतात. तासभर उकळली तर कडू, शेवटी टाकली तर फक्त वास. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

आता धुणं.

ब्रुअरीत दिवसाचे आठ तास असतील तर सहा धुण्याचे. हे मला दूध संघामुळे माहीत आहे असं मला वाटत होतं. तिथं पाईपलाईन होत्या, पंप होते, बटण दाबलं की कॉस्टिक सोडा फिरायचा. इथंही तोच क्रम. पाणी, गरम कॉस्टिक, पाणी, आम्ल, पाणी, आणि शेवटी जंतुनाशक. एक नवा नियम सरांनी पहिल्या दिवशी शिकवला, टाकीत कार्बन डायऑक्साईड असताना कॉस्टिक सोडायचा नाही. कॉस्टिक तो वायू शोषून घेतो, आत पोकळी होते, आणि झडप बंद असेल तर पोलादी टाकी पत्र्याच्या डब्यासारखी आत चेपते. दुसरा नियम, रिकाम्या टाकीत डोकं घालायचं नाही. तो वायू जड, तळाशी बसून राहतो, दिसत नाही. हा नियम मला शिकवावा लागला नाही. माझं आजोळ सांगलीकडचं. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खणलेली. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, दिवसभर वारा लागू द्यायचा, दिवा सोडून बघायचा, विझला तर कुणीही आत पाय टाकायचा नाही, असं आजोबा सांगायचे.

एवढं माहीत असूनही माझ्या हातून पाचशे लिटर गेले.

गेल्या वर्षी मे महिन्यात गव्हाची बिअर लावली होती. नवव्या दिवशी नमुना काढला आणि ग्लास नाकाशी नेला. लोण्याचा वास. सुरुवातीला असा वास येतो, यीस्टच तो तयार करतं आणि दोन दिवस थोडं उबदार ठेवलं की परत खाऊनही टाकतं. म्हणून थांबलो. अकराव्या दिवशी लोणी वाढलं होतं आणि जिभेच्या कडांना आंबट लागत होतं. मला चव ओळखायला एक क्षणही लागला नाही. आठ वर्षं ती चव शोधायचाच पगार घेतला होता.

टाकी रिकामी केली. सगळं गटारात जायला पाऊण तास लागला. सरांनी रजिस्टर उघडून नोंद केली, कारण उत्पादन शुल्क विभागाला गेलेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब द्यावा लागतो, पिऊन गेलेल्या आणि वाया गेलेल्याही. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मग केग, म्हणजे बिअरची पिंपं, धुणारे मामा पाना घेऊन आले. मामा बीडकडचे, आधी साखर कारखान्यात होते. त्यांनी नमुना काढायची छोटी तोटी फिरवून बाहेर काढली, तिच्या आतला रबराचा गोल काढला आणि पालथा करून माझ्या तळहातावर ठेवला. रबराच्या मागच्या बाजूला, खाचेत, तपकिरी बुळबुळीत दोरा. नखाएवढासुद्धा नाही. कॉस्टिक तोटीतून गेला होता, रबराच्या मागे गेला नव्हता. तोटी उघडून धुवायचं काम माझं होतं, आणि मी दोन वेळा ते टाळलं होतं, कारण बाहेरून ती लख्ख दिसत होती.

“ताई, जे उघडतं ते उघडून धुवायचं,” मामा म्हणाले. “जे उघडत नाही ते घ्यायचंच नाही.”

दुसरं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. माझ्या ब्रुअरीसाठी टाक्या बघायला जाते तेव्हा बनवणारे लोक पॉलिश दाखवतात, आरसा दाखवतात. मी पाना मागते. कुठली झडप सुटी होते, कुठला वेल्ड आतून घासलेला आहे, तळाला पाणी कुठं थांबतं. एका कारखान्यात मालक वैतागले, पण त्यांच्या वेल्डरने मला बाजूला नेऊन त्याच्या हातच्या दोन टाक्या दाखवल्या आणि कुठली घ्यावी तेही सांगितलं. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर ती दिवसभर बोलायची नाही. त्या अबोल्याचा अर्थ मला तिशी उलटल्यावर कळला.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. उत्पादन शुल्क, अन्नसुरक्षा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमन, महापालिका. प्रत्येक ठिकाणी वेगळी फाईल लागते आणि एक फाईल दुसरीची वाट बघत बसते. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा.

खरा घाम फोडला तो टाकीच्या दिवसांनी. छोट्या ब्रुअरीत माल विकत नसतात, टाकीचे दिवस विकत असतात. साधी एल, म्हणजे उबेत आंबणारी बिअर, 18 दिवसांत तयार होते. लागर ही बिअरची दुसरी जात थंडीत सावकाश पिकते, तिला पाच-सहा आठवडे. म्हणजे एक लागर दोन एलची जागा अडवते आणि गिऱ्हाईक दोन्हींना तेवढेच पैसे देतं. चार टाक्या धरल्या आणि फक्त एल केली तर वर्षात 80 वेळा शिजवता येईल. तळाचा गाळ आणि सांडलवंड जाऊन दर वेळी 450 लिटर. वर्षाला 36,000. रोजचे शंभर लिटर. 330 मिलिलिटरचे तीनशे ग्लास. पावसाळा, श्रावण, निवडणुकीचे कोरडे दिवस, परीक्षा, सगळं धरून रोज सरासरी तीनशे. तेवढे गेले तर चार टाक्यांचा हप्ता सुटतो.

हा हिशेब झाला त्या रात्री मी खूश होते. आईला फोन केला.

आईबद्दल सांगायला हवं. मी कॉलेजात असताना आमच्या गावात मतदान झालं होतं, उभी बाटली की आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीत आहेत त्यांच्यापैकी लागतात. म्हणून आई आणि तिच्याबरोबरच्या दहा-बाराजणी महिनाभर घरोघर फिरल्या. ऊसतोडीला गेलेल्या बायकांना निरोप पाठवले, एका बाळंतिणीला बैलगाडीतून आणलं. माझे धाकटे काका त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, यकृताने. शेवटच्या दिवसांत त्यांचं पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. काकू तेव्हा सत्तावीस वर्षांची. आईने शिक्का मारला तो काकूचा हात धरून रांगेत उभी राहून. दुकान बंद झालं.

त्या बाईची मुलगी बिअर शिकते आहे. मी तिच्यापासून लपवलं नाही, पण ती त्याबद्दल कधी काही विचारत नसे. त्या रात्री पहिल्यांदा तिने विचारलं.

“रोजचं किती लिटर?”

“शंभर.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मागे रेडा हंबरल्याचं ऐकू आलं.

“शंभर लिटर रोज कोण पितं गं?”

मी सांगायला लागले. बिअर म्हणजे देशी नव्हे, पाच टक्के, जेवणाबरोबर, एकवीस वर्षांखालच्याला देता येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते ठीक आहे. कोण पितं ते सांग.”

मला सांगता आलं नाही. तीनशे ग्लास म्हणजे एक ग्लास पिणारे तीनशे लोक, की पाच ग्लास पिणारे साठ, हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. आणि जिथं काम करते तिथं काउंटरच्या मागून मला दिसतं, की रोजच्या विक्रीचा मोठा भाग थोड्याच लोकांचा असतो. त्यातले काही हसतमुख, उदार, माझी विचारपूस करणारे. काकाही तसेच होते.

पुढचे दोन महिने मी हिशेब पुन्हा मांडला. चारऐवजी तीन टाक्या. वर्षाला साठ वेळा, 27,000 लिटर, रोजचे 74. कर्ज कमी, हप्ता कमी, पण खर्च निघायला स्वयंपाकघराने अर्ध्याहून जास्त कमवायला पाहिजे. म्हणून आता मी ब्रुअरीइतकाच वेळ जेवणाच्या पदार्थांवर घालवते. ज्वारीची बिअर साडेचार टक्क्यांच्या वर न्यायची नाही. दोनशे मिलिलिटरचा लहान ग्लास ठेवायचा. पैसे भरा आणि कितीही प्या, असल्या योजना लावायच्या नाहीत. घरी कसं जाणार हे विचारायचं, आणि विचारायला लाजणारा माणूस कामावर घ्यायचा नाही. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, मागणी आहे तर टाकी का कमी करताय? मी म्हटलं, तिसऱ्या टाकीनंतर मला गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहणार नाहीत. त्यांनी ते फाईलवर लिहिलं नाही, पण अर्ज पुढे पाठवला.

यातून आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणत नाही. राज्यघटनेच्या 47 व्या कलमात दारूबंदीकडे जायचं असं लिहिलेलं आहे, आणि माझा परवाना ज्या कायद्याखाली मिळणार तो 1949 चा, त्याच्या नावातच बंदी आहे. मी जे करणार आहे ते तिथल्या सवलतीत बसतं. ही जाणीव मला रोज असते आणि असलेली बरी वाटते.

पाण्याचं तसंच. माझं गाव खटाव तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर आला की आम्ही पोरी घागरी घेऊन पळायचो. मोठ्या बिअर कारखान्यात एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी जातं, छोट्यात सात-आठ सहज, कारण टाकी लहान असली तरी धुणं तेवढंच. रोजचे 74 लिटर म्हणजे पाचशे-सहाशे लिटर पाणी. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याहून खाली आणायला लावलं होतं, तेव्हा मी दूध संघात होते आणि आम्ही सगळ्यांनी ते बरोबरच झालं असं म्हटलं होतं. मी आजही तेच म्हणेन. म्हणून शेवटच्या विसळणीचं पाणी साठवून ते पुढच्या धुण्याला पहिलं वापरायचं, आणि रस गार करताना तापलेलं पाणी फेकायचं नाही, दुसऱ्या दिवशी धान्य भिजवायला तेच घ्यायचं, अशी पाईपची रचना मी आत्ताच काढून ठेवली आहे. जागा मिळण्याआधी पाईप कुठून जाणार हे ठरलेलं आहे.

दिवाळीनंतर मी गावी गेले ती दोन निळी पिंपं घेऊन. त्यात माल्टचा चोथा. शंभर किलो धान्य शिजवलं की तेवढा तरी ओला चोथा उरतो, साखर गेलेली, प्रथिनं आणि कोंडा राहिलेला. पुण्याभोवतीचे गोठेवाले तो घेऊन जातात. ताजा द्यावा लागतो, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबतो. पहाटे शिजवलं होतं, दुपारी पोचले, पिंप अजून कोमट होतं.

आईने झाकण काढून मूठभर हातात घेतलं, चुरडलं, नाकाशी नेलं. “सत्त्वाचा वास येतोय.” मग कडबाकुट्टीत दोन मुठी मिसळून म्हशीपुढे ठेवलं, जास्त नाही. पोट फुगतं का ते रात्रभर बघू म्हणाली. म्हशीने घमेलं चाटून साफ केलं. आई दावणीपाशी बसून राहिली.

“ह्यात दारू नाही ना?”

“नाही. यीस्ट लागायच्या आधीच हे बाजूला काढतात.”

“मग हे आणत जा,” ती म्हणाली. “बाकीचं मला आडवंच.”

संध्याकाळी पिंपं धुवायला घेतली. तिने दोन बादल्या पाणी दिलं. मी पहिलं पिंप घासलं, तोटी पान्याने सोडवून आतला रबर काढला, तो वेगळा घासला. ती बघत होती. तिसरी बादली मागितली तर म्हणाली, पहिल्या पिंपाचं शेवटचं पाणी आहे की, ते घे दुसऱ्याला. दुसरं पिंप धुऊन झाल्यावर तिने ते गढूळ पाणी उचललं आणि परसात कढीपत्त्याच्या आळ्यात ओतलं.